बंदुका पडल्या की नाही?

अहो वहिनी, ऐकलंत का? छे हो, टाकीचं नाही. टाकीचं काय सांगायचं, ते सेक्रेटरी आणि प्लंबर बघून घेतील. मी बाबूरावाचं म्हणतेय. कोण बाबूराव म्हणून काय विचारता? गणपतराव आपट्यांचा बाबूराव! तो जाड भिंगाचा चष्मा, वर बंडी, खाली कसंबसं गुंडाळलेलं ते धोतर... हां, आता कसा चेहरा खुलला तुमचा.

काल रात्री आमच्याकडे त्याच्यावरून महाभारत झालं. टीव्हीला 'फिर हेरा फेरी' लागला होता. लागायला काय, कुठल्या ना कुठल्या चॅनलवर तो असतोच. आमचे हे बातम्या लावायला निघतात आणि वाटेत तिथेच मुक्काम ठोकतात. तर शेवट आला. तो पूल, तो राजू, हातात पाण्यात टाकायला आणलेल्या त्या जुन्या बंदुका, मोबाईल तोंडात धरलेला, तो वाजतोय, खाली पाणी... आणि खलास, पिक्चर संपला! ह्यांनी रिमोट ठेवला आणि हायकोर्टाचा निकाल असल्यासारखं म्हणाले, "पडल्या." नातू उसळलाच. "आजोबा, पडल्या असत्या तर लोक तिसऱ्या भागाची वाट कशाला बघतील?" ह्यांचं म्हणणं, वाट बघण्याचा आणि पडण्याचा संबंध काय? आवाज चढले. एवढ्यात सूनबाई ताटं उचलायला आली आणि जाता जाता म्हणाली, "पण बाबा, त्या बंदुका त्यांच्या होत्याच कुठे?"

अहो, शांतता! ह्यांचं तोंड असं एवढंसं झालं. कारण खरंच ना हो, चोरांकडून चोरलेला माल तो. इतकी वर्षं आपण 'अरे बिचाऱ्यांच्या बंदुका' म्हणून हळहळतोय, आणि बिचारे कसले? पण ते आपल्या डोक्यातच येत नाही, हीच तर राजू, श्याम आणि बाबूराव ह्या तिघांची करामत.

मला ती थिएटरातली पहिली वेळ आठवते, 2006 सालचा जून. पडदा काळा झाला तरी कोणी उठेना. आमच्या मागे एक गृहस्थ होते, ते चक्क ओरडले, "अरे, रीळ लाव!" त्यांना वाटलं, मशीन बिघडलं. नावं वर सरकायला लागली तरी माणसं खुर्चीतच, उभं राहावं की बसावं... आणि बाहेर पडताना जिन्यावर एकच चर्चा, उचलला असेल का हो त्यानं फोन? कोणी म्हणे उचलला, कोणी म्हणे कसा उचलेल, तोंडात आहे ना! एक बाई तर नवऱ्याशी इतक्या तावातावानं भांडत होत्या की मला वाटलं ह्यांच्याच घरच्या बंदुका.

तर काय सांगत होते... हां, ह्यांचं. ह्यांना त्या शेवटाचा भारी अभिमान. आलागेला पाहुणा असो, विषय निघाला की सुरू, "असा शेवट करायला छाती लागते, तो फक्त आपल्याकडेच." काल नातवानं त्याचाही निकाल लावला. मोबाईलवर एक इंग्रजी पिक्चर काढून समोर धरला. 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स', 1998 चा, गाय रिची नावाच्या माणसाचा. लंडनचा पूल, त्यावरून एक पोरगा ओणवा झालेला, जुन्या मौल्यवान बंदुका नदीत टाकायला आलेला, आणि मित्रांना त्यांची किंमत कळलीय म्हणून ते फोनवर फोन करतायत. आणि फोन कुठे? तोंडात! वहिनी, तोंडातसुद्धा तोच! ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी आपला उचलला." नातू म्हणाला, "आजोबा, 98 आधी येतं, 2006 नंतर." पुन्हा तोंड एवढंसं. एका रात्रीत दोनदा हो! मला हसू आवरेना, मी पदर तोंडाला लावून गॅलरीत गेले.

आणि नातवाचं तेवढ्यावर भागेना. म्हणे त्याच्याही आधी, 1969 मध्ये, 'दि इटालियन जॉब' नावाचा पिक्चर होता, त्यात चोरलेलं सोनं घेऊन बस कड्याच्या टोकावर अर्धी आत अर्धी बाहेर लटकते आणि तिथेच सोडून देतात. म्हणजे ही लटकवायची रीत जुनीच.

मला विचाराल तर मला त्याचं काही वाटत नाही. साखर उसनी आणली म्हणून शिरा शेजारणीचा होत नाही. त्या लंडनच्या पोरांची नावं कोणाला आठवतात सांगा? आणि इथे राजू, श्याम, बाबूभैया, शेंबडं पोर सांगेल. शिवाय उसनवारी काय आजची आहे? पहिला 'हेरा फेरी', 2000 सालचा, प्रियदर्शनचा, तोसुद्धा मल्याळममधून आलेला. 'रामजीराव स्पीकिंग', 1989. सिद्दिक आणि लाल नावाच्या दोघांनी मिळून केलेला, दिग्दर्शक म्हणून पहिलाच पिक्चर होता तो त्यांचा. तिकडे बाबूरावाच्या जागी मन्नार मथाई, इनोसंट नावाच्या नटानं केलेला. नट इनोसंट हो, नावच तसं आहे! केरळातला तो मथाई नाटक कंपनी चालवतो, आणि इकडे येईपर्यंत त्याचा झाला गॅरेजवाला आपटे.

आता आपटे का, हे मला अजून कळलेलं नाही. इतकी आडनावं होती, हेच बरं सापडलं! आपटे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं, दोन्ही वेळा संध्या, मोजून कढी... आणि हा बाबा संध्याकाळ झाली की बाटली घेऊन बसतो. आमच्या सासूबाई असत्या तर टीव्ही बंद करायला लावला असता. पण ते बोलणं काय जमलंय हो परेश रावलांना! त्या हिंदीत मराठी अशी मुरलीय. गुजराती माणूस, पण पार्ल्यात वाढलेला, नरसी मोनजीत शिकलेला. पार्ल्यातल्या पोराला मराठी माणूस हिंदी कसा बोलतो हे वेगळं शिकवायला लागतं होय? रोज जिन्यावर ऐकलं असेल. फिल्मफेअर काय उगाच दिलं नाही त्याबद्दल.

आणि घरमालक म्हणून तरी बघा त्याला. नाहीतर आपले घरमालक! डिपॉझिट आधी, पोलीस व्हेरिफिकेशन मग, दाराला खिळा ठोकलात तर पैसे कापणार. हा बाबूराव भाडेकरूंपेक्षा कंगाल. राजू भाडं देत नाही, श्याम देत नाही, आणि हा मागत राहतो, ओरडतो, रडतो आणि पुन्हा त्यांच्याच ताटात जेवायला बसतो. श्याम बँकेतल्या नोकरीसाठी उंबरे झिजवतोय, त्यात ती तबू आडवी. तिकडे तो खडकसिंग, ओम पुरी, बहिणीच्या लग्नाचे पैसे परत मागायला दारात. सगळे एकजात अडलेले. म्हणून तर त्यांनी तो खंडणीचा नको तो उद्योग केला, नाहीतर पोरं काही वाईट नव्हती.

तुमच्या एक लक्षात आलंय का? मी काल ह्यांना सांगितलं तर ह्यांनी "हॅः" केलं, पण तुम्हाला सांगते. पहिल्या पिक्चरमध्ये सगळं सुरू कशानं होतं? फोननं. डिरेक्टरीत नंबरांची अदलाबदल, स्टार फिशरीजचे फोन स्टार गॅरेजला. लोक बाबूरावाला मासळीचे भाव विचारून हैराण करतात. तसाच एक दिवस त्या कबीराचा फोन येतो, देवीप्रसादच्या नातीला पळवल्याचा. म्हणजे जो फोन त्यांचा नव्हता, तो त्या तिघांनी उचलला आणि पैसे मिळाले. आणि दुसऱ्या पिक्चरच्या शेवटी? फोन त्यांचाच, नंबर बरोबर, बोलणारी माणसंही आपलीच, निरोप कोट्यवधींचा... आणि उचलता येत नाही! मला हे सुचलं तेव्हा मी इतकी खूश झाले की चहा उतू गेला तरी कळलं नाही. आणि हे म्हणतात "हॅः". अहो, बंदुकांचं अपयश माझ्यावर काढलं, दुसरं काय!

पण मी काय म्हणते, तो फोन उचलला नाही हेच बरं झालं. अहो, तोंड का वाकडं करता, पुढचं ऐका तरी. पहिल्या भागाच्या शेवटी मिळाले ना पैसे? मग दुसऱ्या भागाची सुरुवात आठवा. बंगला, गाडी, चकचकीत कपडे... आणि हसू येतं का? मला तर त्या बंगल्यातला बाबूराव बघवत नाही. कोणाच्या तरी मुंजीला भाड्याचा कोट घालून आल्यासारखा दिसतो. पिक्चरवाल्यांनाही ते कळलं असणार, कारण त्यांनी घाईघाईनं त्यांचे पैसे काढून घेतले. ती बिपाशा बासू आली, दामदुप्पट करून देते म्हणाली, आणि झाले हे तिघे कंगाल. परत चाळीत. परत कर्ज, परत गुंड दारात, तो राजपाल यादव बिचारा रडकुंडीला आलेला, आणि मग आली खरी मजा! तर ह्या माणसांकडे पैसे आले की करायचं काय त्यांचं? म्हणून म्हणते, वाजू दे तो फोन.

दामदुप्पटीवरून आठवलं, आपल्या मागच्या गल्लीतल्या त्या... नको बाई, भिंतीला कान असतात. भिशीच्या दिवशी सांगते.

तर काय सांगत होते... हां, तो शेवट ज्यानं केला ना, नीरज व्होरा. पहिल्या 'हेरा फेरी'चे संवाद त्याचे, दुसऱ्याचं दिग्दर्शन त्याचं. तिसरा भागही तोच करणार होता. म्हणजे बंदुका पडल्या की नाही, हे त्याच्या डोक्यात असणार ना? आणि काय झालं बघा. 2016 च्या ऑक्टोबरात दिल्लीला असताना आजारी पडला, एम्समध्ये ठेवला, कोमात गेला तो गेलाच. आणि मग फिरोज नाडियादवाला, ह्या पिक्चरांचा निर्माता, त्यानं काय करावं? जुहूला आपल्या घरी आणलं त्याला. घरातली एक खोली आयसीयू करून टाकली! नर्स, मशीनं, सगळं घरात. सिनेमावाल्यांना आपण एवढ्या शिव्या देतो, पण नात्यातलं कोणी इतकं करतं का सांगा. शेवटी 2017 च्या डिसेंबरात गेला हो. चौपन्नाव्या वर्षी. हे ऐकून आमचे हेसुद्धा गप्प बसले, आणि तुम्हाला माहितेय ह्यांना गप्प बसवणं किती अवघड.

आणि त्या तिसऱ्या भागाचं जे काही चाललं, ते तर पिक्चरपेक्षा भारी! कधी ऐकू यायचं राजू करणारा अक्षय कुमार नाही, कधी जॉन अब्राहम आहे, कधी अभिषेक बच्चन आहे. 2022 मध्ये परेश रावलांनीच सांगून टाकलं, कार्तिक आर्यन येतोय. लोकांनी असा आरडाओरडा केला! अक्षय म्हणाला, मला पटकथा पटली नाही, लोकांची माफी मागतो. पुढे काही महिन्यांत तिघे परत एकत्र. मग 2025 च्या जानेवारीत प्रियदर्शनचा वाढदिवस. अक्षयनं शुभेच्छा दिल्या, आणि प्रियदर्शननं जाहीर उत्तर दिलं की रिटर्न गिफ्ट म्हणून 'हेरा फेरी 3' करतो. आमच्याकडे नातवानं पेढे मागितले, इतका आनंद!

आणि मे महिन्यात, वहिनी, बॉम्ब! परेश रावल बाहेर. बाबूरावच नाही! प्रियदर्शन म्हणे, मला कोणी कळवलंसुद्धा नाही. आपल्या श्यामला, सुनील शेट्टीला, कसं कळलं माहितेय? पोरांनी बातमी पाठवली, अथियानं नि अहाननं, की पप्पा हे काय! काय अवस्था झाली असेल त्याची! आणि अक्षय तर म्हणे 'भूत बंगला'च्या शूटिंगवर डोळ्यांत पाणी आणून प्रियदर्शनला विचारत होता, परेश आपल्याशी असं का वागतोय. हे प्रियदर्शननंच सांगितलं हो, मी पदरचं घालत नाहीये. डोळे पुसले असतील, पण वकीलही गाठला! त्याच्या कंपनीनं पंचवीस कोटींची नोटीस धाडली. पंचवीस कोटी! त्या पुलावरच्या बंदुका विकूनसुद्धा भागलं असतं की नाही, कोण जाणे.

आणि रावलांनी काय केलं? सायनिंगचे घेतलेले अकरा लाख परत केले, वर पंधरा टक्के व्याज. मला तर इतकं हसू आलं! बाबूराव सगळा जन्म भाडं मागत फिरला, दमडी मिळाली नाही, आणि त्याचं काम करणारा माणूस न मागता व्याजासकट पैसे फेडतोय. वकिलाचं म्हणणं असं की गोष्ट दिली नाही, पटकथा दिली नाही, कराराचा मसुदा दिला नाही, मग सही कशावर? मला पटलं ते. आमची सून म्हणते, कारण काहीही असो, त्या माणसाला कंटाळा आलाय. आणि ते खरं असेल, कारण त्याआधीच एका मुलाखतीत ते बोलून गेले होते की हा बाबूराव म्हणजे माझ्या गळ्यातला फास झालाय. 2007 मध्ये विशाल भारद्वाजांकडे गेले होते म्हणे, ह्याच वेषात पण वेगळी भूमिका द्या, ही प्रतिमा पुसून टाका म्हणून. पद्मश्री मिळालेला माणूस, पाच वर्षं खासदार होता, सरदार पटेल केलेत त्यानं! आणि रस्त्यात लोक काय म्हणतात? बाबूभैया! बायको मिस इंडिया, 1979 ची, स्वरूप संपत, तिच्याबरोबर चाललेत तरी बाबूभैया! वैताग येणारच की हो.

आणखी एक बोलले ते, मला फार आवडलं. दुसरा भाग काही पहिल्यासारखा नाही, म्हणाले, आम्हाला जास्तच आत्मविश्वास आला होता, तो भोळेपणा गेला. बघा! मी बंगल्याचं म्हणत होते ना, तेच. फक्त त्यांनी म्हटलं की मुलाखत होते आणि मी म्हटलं की "हॅः".

जूनच्या शेवटी परत आले हो. एका गप्पांच्या कार्यक्रमात हळूच सांगून टाकलं, सगळं मिटलं, आता नीट काम करायचं. मधल्या काळात अक्षयला एका ट्रेलरच्या कार्यक्रमात पत्रकारांनी डिवचलं, रावलांना मूर्ख म्हणतायत लोक, तुमचं काय म्हणणं? तर तो म्हणाला, माझ्या सहकलाकाराबद्दल असा शब्द वापरू नका, आमची तीस-बत्तीस वर्षांची दोस्ती आहे. नोटीस कोटींची, पण शब्द वाकडा नाही. आमच्या दोन नंबरच्या बिल्डिंगमधल्या पार्किंगच्या भांडणात कोणी एवढं धरून बोललं असतं तर... जाऊ दे.

आता तुम्ही सांगा, पडल्या की नाही? नाही, विचार करून सांगा. राजूच्या दोन्ही हातांत बंदुका. फोन तोंडात. 'हॅलो' म्हणायला तोंड उघडलं की फोन पाण्यात. फोन धरायला हात सोडला की बंदुका पाण्यात. शहाणा माणूस काय करेल? मागे सरकेल, बंदुका खाली ठेवेल, मग फोन घेईल. पण शहाणा असता तर तो राजू कसला! त्याला बंदुकाही हव्यात, फोनही हवा आणि वर कोणाचा आहे ते बघायचंही आहे. माझं ठाम मत आहे, तो स्वतःच पडला असणार पाण्यात, बंदुकांसकट. आणि पलीकडून बाबूराव अजून "हॅलो, हॅलो" करत बसला असेल, आणि श्याम त्याच्यावर ओरडत असेल की पहिल्यांदा नंबर तरी नीट लाव.

पण हे आमच्या ह्यांच्या कानावर घालू नका हं. बंदुका पडल्या एवढंच त्यांना ऐकू जाईल आणि उद्या सकाळी नातवापुढे छाती काढून येतील, "बघ, आजी माझ्याच बाजूची." तसं काही नाहीये. मी सुनेच्या बाजूची आहे, पण तेही तिला सांगू नका.

अगंबाई, तुमची कढी...